वातीची साक्ष

अण्णा किडे सोडायला गेले की आम्ही बायका चहा करायचो. त्यांना परत यायला पाऊण तास लागायचा. किडे कसले, तर पाण्यातले. तेलासाठी लागणारं पाणी ते कुपवाडच्या बाहेर एका मळ्यातल्या विहिरीवरून सायकलगाडीवर आणायचे. दुपदरी कापडातून गाळायचे. मग त्या कापडावर डोळ्यांना दिसतही नाहीत असे जे काही जीव असतील, ते तांब्याभर पाण्यात उतरवून, तांब्या झाकून, परत त्याच विहिरीत सोडून यायचे. नळ दारात होता. पण नळाच्या पाण्यातले जीव परत सोडायचे कुठं, असं ते विचारायचे. जैनांच्या घरी पाणी गाळतात हे सांगलीत सगळ्यांना माहीत आहे. कारखान्यात गाळणारा मी हा एकच माणूस बघितला.

त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे. सांगलीच्या बाजूला दर दुसरा माणूस अण्णा असतो, तेव्हा यावरून ते कोण हे कुणाला कळायचं नाही. कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या कडेचा पत्र्याचा गाळा. मागं भट्टी, भट्टीवर कल्हई केलेली मोठी कढई, एका बाजूला वाटायचे दगड, दुसऱ्या बाजूला तेल निवळायला ठेवायची उभी पातेली. सुरुवातीला आम्ही तीन बायका होतो. एक सुनेकडं राहायला गेली, एक कंटाळली. मी राहिले. नवरा फौजेतून पेन्शन घेऊन आला होता आणि चार वर्षांत गेला होता. मुलगा पुण्याला. घरी बसून भिंतीला काय बोलायचं?

तेल भांगेच्या पानांचं. लोक हसतात म्हणून हे आधीच सांगून टाकते. सांधे धरलेल्यांना बाहेरून लावायचं औषधी तेल ते. पानं सरकारी परवान्यावर यायची, सील केलेल्या पोत्यांतून. एक्साइजचा साहेब येऊन सील तोडायचा, लागतील तेवढी पानं काढून द्यायचा आणि पुन्हा सील लावायचा. तरी शेजारच्या गाळ्यात लेथवर काम करणारी पोरं सकाळी गाड्या लावता लावता विचारायची, "मावशे, आज चव बघितली का न्हाई?"

"बघितली असती तर तू तरी देखणा दिसला असतास," मी म्हणायची.

अण्णांच्या समाजातही काही लोकांना हे आवडायचं नाही. देवळातून येताना एकानं तोंडावर विचारलं होतं, नशेच्या झाडाचा धंदा कशाला करता? अण्णा म्हणाले, "झाडाला नशा माहीत नाही." आणि चालायला लागले. त्या दिवसापासून त्या माणसाशी ते बोलले नाहीत. तो बोलायला यायचा, हे चपला घालायचे.

पानं आधी पांढऱ्या चादरीवर पसरून झटकायची. त्यातून जो काही किडा, आळी, कोळी निघेल तो कागदावर घेऊन कुंपणापलीकडं सोडायचा. आमच्यातली जी नंतर कंटाळून गेली, ती एकदा म्हणाली, "अण्णा, ह्यो हिरवा किडा सकाळधरनं तिसऱ्यांदा आलाय. त्येला हितंच बरं वाटतंय."

अण्णांनी किड्याकडं वाकून बघितलं. "मग चौथ्यांदा सोडा," म्हणाले.

सरपणाचं लाकूडसुद्धा ते जमिनीवर आपटून, मुंग्या झटकूनच भट्टीत घालू द्यायचे. आणि सूर्य मावळायच्या आत भट्टी बंद. जाळावर पाखरं येतात आणि मरतात, म्हणून अंधारात जाळ नाही. दिवाही नाही. साडेपाचला डबा उघडून, भिंतीकडं तोंड करून जेवायचे. कांदा, बटाटा, लसूण काही नसायचं, ते सोडा. पण भिंतीकडं तोंड का, असं मी एकदा विचारलं.

"समोर माणूस नसेल तर भिंत बरी. मोकळ्या जागेकडं बघून घास उतरत नाही."

त्यांची बायको लवकर वारली होती. एक मुलगी बेळगावकडं दिलेली. ती रविवारी फोन करायची आणि अण्णा फोन कानाला लावून 'हो, हो, बघू, हो' म्हणायचे. आता वाटतं, शेवटची दोन वर्षं त्यांना त्यातलं काही ऐकूच येत नसणार.

ते मला कळलं ते एका पिंपामुळं. शेजारच्या गाळ्यासमोर टेंपोतून रिकामं लोखंडी पिंप खाली पडलं, अण्णांच्या पाठीमागं दहा पावलांवर. रस्त्यावरचं कुत्रं पळालं. माझ्या हातातलं सूप पडलं. अण्णा पानं निवडत होते. त्यांची मानसुद्धा हलली नाही. मी त्यांच्याकडं बघत उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांनी वर बघून विचारलं, "सूप का टाकलं?"

"पिंप पडलं."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग पिंपाकडं. "हो," म्हणाले, "मोठा आवाज झाला."

मी सूप उचललं. मला लोकांची दुखणी उकरून काढायची सवय नाही.

आता तेलाचं काम कसं असायचं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. काही पानं वाटून त्यांचा गोळा करायचा, काही पाण्यात उकळून काढा करायचा. गोळा, काढा आणि तिळाचं तेल एकत्र कढईत घालून मंद जाळावर ठेवायचं. काढ्यातलं पाणी उडून जाईपर्यंत आणि पानांचा गुण तेलात उतरेपर्यंत ढवळायचं. याला तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी कढई नुसती पाण्यासारखी खदखदते. दुसऱ्या दिवशी बुडबुडे बारीक होतात. तिसऱ्या दिवशी तळाचा गोळा चिमटीत घेऊन वळला तर त्याची वात होते, आणि वर फेस येतो. झालं असं वाटतं. पण तेवढ्यावर अण्णांचा विश्वास नव्हता. कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवायची. तेलात पाणी राहिलं असेल तर ती तडतडते. गप्प जळली तर तेल तयार. पाणी राहिलेलं तेल आज छान दिसतं आणि दोन महिन्यांत आंबतं. तयार तेल गाळून आठ दिवस पातेल्यांत निवळू द्यायचं, गाळ खाली बसला की वरचं तेवढं अलगद काढायचं, पुन्हा गाळायचं. पण हे सगळं नंतरचं. पाणी राहिलं तर कितीही गाळा, काही उपयोग नाही.

"बोटाला झालं वाटलं तरी कानाला विचारायचं," असं अण्णा म्हणायचे. पहिल्यापासून म्हणायचे.

पिंप पडलं त्यानंतरच्या तेलाच्या घाण्याला त्यांनी नवा नियम काढला. तेल झालं की नाही हे एकट्यानं ठरवायचं नाही. दोघांनी ऐकायचं. वात पेटवली की हाक मारायचे, "बाई, साक्षीला या." मी जायची. ते वात धरायचे आणि माझ्या तोंडाकडं बघायचे. मी म्हणायची, "अजून हाय पाणी." ते मान हलवायचे, जणू त्यांनाही तेच ऐकू आलं. मी म्हणायची, "गप्प हाय." तेव्हा म्हणायचे, "मलाही तसंच वाटलं."

दोन वर्षं हे असं चाललं. त्यांना वाटायचं मला माहीत नाही. मला माहीत आहे हे मी दाखवलं नाही. एवढ्या बाबतीत आमचं चांगलं जमलं.

मधे एकदा शिरवळच्या एका कंपनीनं त्यांना बोलावलं. तिथं याच पानांचा अर्क यंत्रानं काढायचे. त्यांना जुन्या पद्धतीचा जाणकार माणूस हवा होता, नुसता येऊन बसला तरी चालेल म्हणाले. अण्णा मला घेऊन गेले. एसटीत खिडकीशी बसून, रुमालात बांधलेले भिजवलेले मूग खाल्ले.

आत सगळं पांढरं. पायांत पिशव्या घालायला लावल्या. पानं कुठल्याशा स्पिरिटात भिजवून गारठवतात, गाळतात, मग एक काचेचा भोपळा गोल गोल फिरत राहतो आणि त्यातून स्पिरिट उडून जातं. तळाला मधासारखा घट्ट अर्क राहतो. पांढरा कोट घातलेली एक मुलगी सगळं समजावत होती. तिचं तोंड मास्कनं झाकलेलं होतं. अण्णा तिच्या कपाळाकडं बघत होते.

"आजोबा, काही विचारायचं आहे?" तिनं विचारलं.

मी त्यांच्या हाताला हात लावला आणि म्हटलं, "काय इचारायचं का म्हणत्यात."

"पाणी राहिलं का नाही हे कसं कळतं?"

तिनं एका डब्यासारख्या यंत्रावरचे आकडे दाखवले. त्यात थेंबभर अर्क टाकला की पाणी किती आहे ते लिहून येतं. अण्णा त्या आकड्यांसमोर इतका वेळ उभे राहिले की ती मुलगी दुसऱ्या कामाला निघून गेली.

परत येताना खिडकीबाहेर बघत होते. कराड गेल्यावर म्हणाले, "ते बरं. कुणाला विचारावं लागत नाही."

तिथली नोकरी त्यांनी घेतली नाही. पायांत पिशव्या घालून आपल्याला काम होणार नाही, असं कळवलं.

आता त्या शनिवारचं. माझा मुलगा पुण्यात कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे. दीड वर्ष आला नव्हता. रविवारी येतो म्हणाला, बायकोला आणि मुलीला घेऊन. नातीला मी बारशाला बघितलं होतं, त्यानंतर फोनवर. मी अण्णांना आठ दिवस आधी सांगितलं होतं की रविवारी मी येणार नाही.

"तेल शनिवारी झालं तर येऊ नका," ते म्हणाले. "नाही झालं तर अर्धा दिवस लागेल. मला एकट्याला कढई उतरवता येत नाही." मग म्हणाले, "नात चालते का?"

"पळती म्हणत्यात."

शनिवार तिसरा दिवस. हवा दमट होती, पाणी लवकर उडत नव्हतं. साडेपाचला गोळ्याची वात झाली. सहाला फेस आला. सूर्य टेकायला आलेला, फार तर वीस मिनिटं हातात. अण्णांनी कापसाची वात पेटवली.

"बाई, साक्षीला या."

मी गेले. वात जळत होती. तडतडली. मोठ्यानं नाही, दोनदा, मग थांबून एकदा. म्हणजे अजून तासाभराचं काम. जाळ विझवायचा, रात्रभर तसंच ठेवायचं आणि रविवारी सकाळी पुन्हा पेटवायचं. एवढंच. दुसऱ्या कुणाकडं असतं तर दिवा लावून तासाभरात संपवलं असतं.

अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"गप्प हाय," मी म्हटलं. "झालं."

या वेळी ते 'मलाही तसंच वाटलं' म्हणाले नाहीत. ते वातीकडं बघत राहिले. मग परत माझ्याकडं.

"झालं?"

"झालं."

त्यांनी जळती लाकडं ओढली. आम्ही दोघांनी कढई उतरवली.

रविवारी मी पुरणाच्या पोळ्या केल्या. एक वाजता मुलाचा फोन आला, ऐन वेळी ड्यूटी लागली म्हणाला. त्याच्या मागं घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता. मी दोन पोळ्या खाल्ल्या आणि उरलेल्या शेजारणीला नेऊन दिल्या. तिनं विचारलं, "पोरगं आलं न्हाई व्हय?" मी म्हटलं, "दार लावून घे, मांजर शिरंल."

सोमवारी मला सांगता आलं असतं. तेल पातेल्यांत निवळत होतं. परत कढईत ओतून तासभर तापवलं असतं तरी चाललं असतं. मंगळवारीही सांगता आलं असतं. आठ दिवस ती पातेली माझ्यासमोर होती आणि मी रोज त्यांच्यावरून फडकं फिरवत होते. काय सांगणार? माझ्या घरी कुणी आलं नाही, म्हणून आता तेल पुन्हा तापवा? नाही सांगितलं. बाटल्या भरल्या आणि साताऱ्याला गेल्या.

साताऱ्याचे एक डॉक्टर अण्णांचं बहुतेक सगळं तेल घ्यायचे. आयुर्वेदाचेच. दोन महिन्यांनी ते स्वतः गाडी घेऊन आले. खोकं टेबलावर ठेवलं, एक बाटली उघडली.

"अण्णा, वास घ्या."

अण्णांनी घेतला. बाटली उजेडात धरली. तळाशी ढगासारखं काहीतरी हलत होतं.

"आंबलंय," अण्णा म्हणाले.

"सगळंच आंबलंय. एका म्हातारीच्या गुडघ्यावर पुरळ उठलं. तिची सून दवाखान्यात येऊन सगळ्यांसमोर बोलली मला. इतक्या वर्षांत तुमची एक बाटली परत आणावी लागली नव्हती. वात बघितली नव्हती का?"

मी दारात उभी होते. हातात पाण्याचा ग्लास होता, डॉक्टरांसाठी आणलेला.

"बघितली," अण्णा म्हणाले. "मीच बघितली. मला ऐकू येत नाही, डॉक्टर. दोन वर्षं झाली. लपवलं मी."

डॉक्टर त्यांच्या समोर सरकले. मग मोठ्यानं म्हणाले, "पण या बाई असतात ना साक्षीला? तुम्हीच सांगितलं होतं."

अण्णांनी त्यांच्या ओठांवरून ते वाचलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"त्या दिवशी बाई लवकर गेल्या होत्या."

हा माणूस एक्साइजच्या साहेबाशी पसाभर पानांबद्दल कधी खोटं बोलला नव्हता. एकदा पोत्यात चुकून जास्त पानं आली, तर स्वतः सायकल मारत सांगायला गेला होता. मी ग्लास टेबलावर ठेवला आणि मागं भट्टीकडं गेले. भट्टी थंड होती. तरी मी तिच्यासमोर बसून राहिले.

महिन्याभरात त्यांनी परवाना परत केला. ज्या माणसाला वात ऐकू येत नाही त्यानं तेल करू नये, म्हणाले. एक्साइजवाल्यांनी उरलेली पोती नेली. मुलीनं बेळगावला बोलावलं, पण ते फलटणला पुतण्याकडं गेले. तिथं विहीर आहे म्हणाले. मला हळद निवडायचं काम मिळालं. संध्याकाळी हातपाय पिवळे व्हायचे, एवढाच फरक.

पुढच्या वर्षी मी फलटणला गेले. एसटीनं सकाळी निघून दुपारी पोचले. पुतण्याच्या बायकोनं दार उघडलं. "ते मागं बसलेत," म्हणाली. "हाक मारून उपयोग नाही. समोर जाऊन उभ्या राहा."

अण्णा परसात खुर्चीवर होते. बारीक झाले होते. घरात सहा-सात माणसं असावीत, आतून बोलण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते. यांच्याशी कुणी बोलत नसणार, कारण मी समोर उभी राहिले तरी त्यांना वर बघायला वेळ लागला. बघायची सवयच गेली होती.

"बाई," ते म्हणाले. "बसा. चहा घेणार? मी सांगतो. मी सांगितलेलं त्यांना ऐकू येतं."

"कानाचं मशीन घेतलं न्हाई का?"

"घेतलं आहे. त्यात नुसती भांडी वाजतात."

मी बसले. चार तास एसटीत जे ठरवलं होतं ते सांगून मोकळं व्हायचं होतं. मी त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून एकेक शब्द म्हटला.

"त्या दिवशी वात तडतडली हुती. मी खोटं बोलले."

त्यांनी ते वाचलं. त्यांच्या चेहऱ्यात काही फरक पडला नाही.

"ज्योत उडत होती," ते म्हणाले. "पाणी असलं की ज्योत उडते. मी बघितलं."

मला राग आला. एक वर्ष मी हे घेऊन झोपत होते.

"मग बोलला का न्हाई तवा?"

"काय बोलणार? तुम्ही म्हणाला असता, अण्णा, आवाज तर आला न्हाई. आला म्हणायला मला ऐकू यायला हवं होतं. ज्योत बघून सांगतोय म्हटलं असतं, तर दोन वर्षं तुम्हाला कशासाठी उभं करत होतो, तेही सांगावं लागलं असतं." ते थांबले. "एवढ्यासाठी मी एका म्हातारीच्या गुडघ्याला आंबलेलं तेल लावू दिलं. चूक माझी आहे. तुमची लहान आहे."

"मला म्हाईत हुतं," मी म्हटलं. "तुमाला ऐकू येत न्हाई ते. पिंप पडलं तवापासनं."

त्यांनी दोनदा विचारलं, तेव्हा मी दोनदा सांगितलं. मग ते खुर्चीत मागं टेकले आणि विहिरीकडं बघत बसले. हसले का काय केलं, मला नीट दिसलं नाही.

"मग आपण दोघांनी फुकटच दमणूक केली," म्हणाले.

मी विचारलं, "आन मी लवकर गेले असं डॉक्टरला का सांगितलं?" पण ते विहिरीकडंच बघत राहिले. माझ्या तोंडाकडं बघितलं नाही की त्यांना प्रश्न पोचत नसे. आणि केव्हा बघायचं नाही हे त्यांना बरोबर कळायचं.

चहा आला. माझ्यासाठी एकच कप. त्यांची चहाची वेळ निघून गेली होती. साडेचारची गाडी चुकली तर मुक्काम पडला असता, म्हणून मी उठले. त्यांनी हात वर केला आणि पुन्हा माझ्या ओठांकडं नीट बघितलं.

"एक राहिलं विचारायचं. तुमचा मुलगा आला होता का त्या रविवारी? नातीला घेऊन?"

मी त्यांच्यासमोर वाकले.

"आला हुता," मी सावकाश म्हटलं, ओठ नीट हलवून. "दिवसभर हुती पोरगी. लय पळत हुती."

त्यांनी मान हलवली. मी पिशवी उचलली आणि स्टँडकडं चालायला लागले.